धूर न निघणारा बिघाड



16 सप्टेंबर 2017 रोजी आमच्या चेंबूरच्या आर. के. स्टुडिओला आग लागली. सिनेमांतले जपून ठेवलेले कितीतरी पोशाख त्यात जळाले. नुकसान झालं, पण ते त्याच दिवशी सगळ्यांना कळलं. संगणकात साठवलेल्या कामाचं तसं नसतं. डिस्कवरचं एखादं अक्षर बिघडलं, तर धूर निघत नाही.

केडीई हा मुक्त सॉफ्टवेअरचा जगभर पसरलेला प्रकल्प. मार्च 2013 मध्ये त्यांचा मुख्य सर्व्हर बंद करून पुन्हा सुरू केला, तेव्हा फाइलव्यवस्थेत बिघाड निघाला. सुमारे दीड हजार भांडारं, म्हणजे आपण ज्यांना रेपो म्हणतो ती, धोक्यात आली. प्रती होत्या की! पण त्या इमानाने मुख्य सर्व्हरची नक्कल करत होत्या, बिघाडासकट. एका वेगळ्या सर्व्हरवर शाबूत प्रत सापडली म्हणून निभावलं.

हे सगळं काम गिटमध्ये होतं. लिनस टोरवाल्ड्सने 2005 साली लिहिलेलं हे साधन आज इंजिनिअरिंगच्या मुलामुलींना पाठ असतं. निदान त्यातल्या चार आज्ञा तरी! गिट प्रत्येक वस्तूला, म्हणजे साठवलेल्या फाइलीला किंवा नोंदीला, तिच्या मजकुरावरून काढलेलं नाव देतं. सहसा ते चाळीस अक्षरी असतं. मजकूर तसूभर बदलला, तर नाव जुळत नाही. ‘गिट एफएससीके’ ही आज्ञा नेमकं हेच करते: एकेक वस्तू उघडून हिशेब पुन्हा मांडते.

तपासणीत ‘डँगलिंग’ असं आलं की नवखी मंडळी हबकतात. त्यात घाबरण्यासारखं काही नाही. ती वस्तू शाबूत असते, फक्त तिच्याकडे कोणी बोट दाखवत नाही: पुसलेल्या शाखेतलं काम, किंवा नोंदवायला घेऊन सोडून दिलेली फाइल. ‘मिसिंग’ किंवा ‘करप्ट’ आलं, तर मात्र हातातलं काम थांबवा.

अशी बेवारस वस्तू ‘गिट जीसी’ ही सफाईची आज्ञा उचलते, पण सबुरीने. शाखेतून सुटलेल्या कामाची नोंद रिफ्लॉगमध्ये, म्हणजे गिटच्या हालचालींच्या वहीत, साधारण 30 दिवस राहते, तोवर त्याला धक्का नाही. नोंदही नसलेली वस्तू दोन आठवड्यांहून जुनी असेल, तरच जाते. आता काही जण जागा वाचवायला ‘प्रून नाऊ’ लावून ही दोन आठवड्यांची मुदतच उडवतात. माझ्या मते हा शुद्ध आततायीपणा आहे. नोंद नसलेलं काम चुकून सुटलं, तर ते परत मिळतं ते याच मुदतीच्या जोरावर.

तेव्हा आधी तपासणी, मग सफाई. आणि एफएससीके बिघाड दाखवतं, दुरुस्त करत नाही. खराब वस्तू दुसऱ्या चांगल्या प्रतीतूनच आणावी लागते. म्हणून ती दुसरी प्रत मुख्य सर्व्हरच्या मागोमाग आपोआप बदलणारी नको, आणि तिच्यावरही एफएससीके वेगळं चालवायला हवं.