लिनक्सला घड्याळ बघू देऊ नका

बोईसरहून बोलतोय. मागे मालगाडीचा आवाज आला तर चालवून घ्या, तिचं आजच्या गोष्टीत काम आहे.

नोव्हेंबर २०१८ पासून डहाणू-तलासरी पट्ट्यात धक्क्यांवर धक्के बसत होते, आठवतंय ना? धुंदलवाडीकडची माणसं थंडीत घराबाहेर झोपायची. धक्का नेमका कुठे झाला, किती खोल, हे कळावं म्हणून हैदराबादच्या एनजीआरआयने तिथे भूकंपमापक बसवले. आता हा सगळा हिशेब वेळेवर चालतो. कठीण खडकात पहिली लाट सेकंदाला साधारण ६ किलोमीटर धावते. म्हणजे एखाद्या केंद्राचं घड्याळ १०० मिलिसेकंद चुकलं, की ६०० मीटरची चूक आत शिरली.

मी घरी जिओफोन, एडीसी बोर्ड आणि रास्पबेरी पाय जोडला. सेकंदाला १०० सॅम्पल, दर १० मिलिसेकंदांनी एक. पायथॉनचा लूप, आत स्लीप. झालं! मग एका रात्री मालगाडी गेली आणि आलेख मधेच ताणलेला दिसला. म्हटलं जमीन अशी कशी हलली? जमीन ठीक होती, माझा पाय अडखळला होता. एसडी कार्डवर फाइल लिहिताना लिनक्सने माझा लूप थांबवून ठेवला होता. प्रोसेसर तर जवळजवळ रिकामाच बसलेला.

मग रिअल-टाइम कर्नल टाकला. प्रीएम्प्ट-आरटी २०२४ मध्ये, ६.१२ पासून, मुख्य लिनक्समध्येच आलाय. फरक पडला. पण लोकल कितीही फास्ट असली तरी सुटायची वेळ कोण ठरवतं, हा प्रश्न राहिलाच.

शेवटी ते काम लिनक्सकडून काढूनच घेतलं. एडीसी स्वतःच्या क्रिस्टलवर सॅम्पल घेतं आणि तयार झालं की एका पिनवर खूण करतं. छोटा मायक्रोकंट्रोलर ते उचलतो, जीपीएसच्या दर सेकंदाच्या पल्सवरून त्यावर वेळ टाकतो आणि रांगेत ठेवतो. लिनक्सने फक्त गेन आणि वेग ठरवायचा, चालू-बंद करायचं आणि रांग भरायच्या आत ती रिकामी करायची. रांग दोन सेकंदांची आहे. लिनक्स अर्धा सेकंद डुलकी काढेना का, सॅम्पलवरची वेळ हलत नाही.

गंमत म्हणजे यानंतर आरटी कर्नल काढला तरी काही बिघडलं नाही. सिग्नल वाचून लगेच मोटर किंवा व्हॉल्व्ह हलवायचा असेल, तिथे तो हवाच. नुसतं ऐकायला नको.

आता अडचण एकच. एका पेटीवरून धक्क्याची जागा सापडत नाही, निदान तीन-चार लागतात, आणि त्याही लांब लांब. तलासरी, डहाणू किंवा कासा भागात कुणाच्या घरी फरशीचा शांत कोपरा आणि चालू वायफाय असेल, तर मला मेसेज टाका. पेटी मी घेऊन येतो.