कबरीवरचे नाव आणि माणसाची श्रद्धा
(ट्रस्टच्या महोत्सवात केलेले भाषण)



याच ट्रस्टच्या शिष्यवृत्तीवर मी बी.ए., बी.एड. झालो. तेव्हा महोत्सवात चार शब्द बोलण्याची आज्ञा झाली, ती मोडण्याचा मला अधिकारच नव्हता. विषय मात्र माझा मी निवडला. तो ऐकून आपले चिटणीस जरा चपापले. "मास्तर, तुम्ही मुसलमान, ऐकणारे बहुतेक हिंदू, आणि बोलणार ख्रिस्ती लोकांच्या कबरीबद्दल?" मी म्हटले, "होय. कारण या बाबतीत माझ्या हातून एक चूक घडली आहे, आणि ती आपल्या माणसांत बसून सांगावी असे फार दिवस मनात आहे."

गोष्ट २००७ सालच्या मार्च महिन्यातली. मी नुकताच गोव्यातल्या एका हायस्कुलात इतिहास शिकवू लागलो होतो. त्या दिवसांत वर्तमानपत्रांतून एक बातमी गाजत होती, की यरुशलेमजवळ येशू ख्रिस्ताच्या कुटुंबाची कबर सापडली, आणि त्याच्या नावाची अस्थिपेटीही सापडली. मी उत्साहाच्या भरात ते कात्रण वर्गात नेले आणि वाचून दाखवले. 'इतिहासापुढे कोणाचे काही चालत नाही,' असे एक वाक्यही ठोकून दिले. मागच्या बाकावरची दोन-तीन पोरे एका ख्रिस्ती मुलाकडे बघून हसली. तास सुटल्यावर तो मुलगा टेबलाजवळ आला. महिन्यापूर्वीच त्याची आजी वारली होती. तो हळूच म्हणाला, "सर, तर मग माझी शमाय मला पुन्हा भेटायची नाही का?"

मला उत्तर सुचले नाही. त्या पोराने जे एका वाक्यात जोडले होते, ते माझ्या ध्यानातच आले नव्हते. ख्रिस्ती धर्मात येशूचे पुनरुत्थान ही काही शोभेची कथा नव्हे. संत पौलाने करिंथकरांना लिहिलेल्या पहिल्या पत्रात स्वतःच सांगून ठेवले आहे, की ख्रिस्त उठला नसेल तर आमचा उपदेश आणि तुमचा विश्वास दोन्ही फुकट. मेलेल्या आपल्या माणसांची पुन्हा भेट होईल ही आशा त्याच आधारावर उभी आहे. आपल्या जुन्या गोव्यात संत फ्रान्सिस झेवियरच्या देहापुढे लोक गुडघे टेकतात. पण यरुशलेमला ज्या कबरीपुढे टेकतात, तिचे माहात्म्य ती रिकामी असण्यात आहे. तेव्हा तेथे अस्थी सापडल्या असे कोणी म्हणतो, त्या वेळी तो साधी बातमी सांगत नसतो.

मग मी मिळेल ते वाचू लागलो. काय निघाले ते सांगतो.

यरुशलेमच्या दक्षिणेला पूर्व तलपिओत म्हणून वस्ती आहे. १९८० साली तेथे इमारतीसाठी जमीन खोदताना खडकात कोरलेली एक कबर उघडी पडली. येशूच्या काळी यरुशलेमच्या ज्यू लोकांत अशी रीत होती, की प्रेत कबरीतल्या फळीवर ठेवायचे, वर्षभराने अस्थी गोळा करून चुनखडीच्या पेटीत भरायच्या. एका पेटीत कधी कधी दोघातिघांच्या अस्थीही असत. इ.स. ७० मध्ये रोमनांनी शहर उद्ध्वस्त केले, त्यानंतर तेथे ही रीत मागे पडली. तलपिओतच्या कबरीत अशा दहा पेट्या निघाल्या, आणि सहांवर नावे खरडलेली होती: योसेफचा मुलगा येशू, मरीया, योसे, मत्तय, येशूचा मुलगा यहूदा, आणि ग्रीक लिपीत मरियमसारखे एक नाव. अमोस क्लोनर या पुरातत्त्वज्ञाने १९९६ साली याचा रीतसर वृत्तान्त छापला. उत्खनन करणाऱ्यांना त्यात काही अघटित वाटले नव्हते.

मग २००७ साली सिम्खा याकोबोविची यांनी चित्रपट काढला. निर्मात्यांत जेम्स कॅमेरॉन होते. त्यांचे म्हणणे असे, की ही सगळी नावे एकाच ठिकाणी जमणे हा योगायोग नव्हे. त्यासाठी एका संख्याशास्त्रज्ञाकडून गणितही करवून घेतले, आणि ६०० ला १ असा आकडा पुढे आला. माझ्यासारखे मास्तर आकडा पाहिला की पटकन मान डोलावतात! पण गणिताच्या आधी गृहीते असतात. ग्रीक नाव म्हणजे मरीया मग्दालियाच, हे त्यांतले एक. त्या अक्षरांचे दुसरे वाचन एका अभ्यासकाने 'मरियम आणि मारा', म्हणजे दोन निराळ्या स्त्रिया, असे केले. गृहीत ढिले झाले की आकडाही ढिला होतो.

नावांचे म्हणाल तर म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात उभे राहून 'मारिया' म्हणून हाक मारा, किती जणी मागे वळतील? त्या काळच्या ज्यू स्त्रियांत मरियम हे नाव असेच सर्रास होते. योसेफ आणि येशू हीही नेहमीची नावे. 'योसेफचा मुलगा येशू' असे लिहिलेली दुसरी एक पेटी सुकेनिक यांनी १९३१ सालीच प्रसिद्ध केली होती. शिवाय तलपिओतच्या पेटीवरचा 'येशू' हा शब्द इतका वेडावाकडा खरडलेला आहे, की तो तसाच वाचावा की नाही याबद्दलही शंका घेतली गेली.

पेट्यांतल्या कणांची डीएनए तपासणीही केली होती. 'येशू' आणि 'मरियम' यांच्या पेट्यांतले कण एका आईच्या लेकरांचे नव्हेत, एवढेच तीतून निघाले. त्यावरून चित्रपटवाल्यांनी ती नवराबायको ठरवली. आता सांगा, एका आईची नसलेली या सभागृहातली कोणतीही दोन माणसे त्या न्यायाने नवराबायको ठरतील की नाही? थोडक्यात, जाणत्या अभ्यासकांतल्या बहुतेकांनी हा दावा मान्य केला नाही, आणि त्यांत ख्रिस्ती नसलेलेही होते. क्लोनर हे स्वतः ज्यू.

पण बंधूंनो, येथेच थांबलो तर मी पुन्हा अर्धेच सांगितले असे होईल. २००२ साली दुसरी एक पेटी पुढे आली. तिच्यावर अक्षरे होती: 'याकोब, योसेफचा मुलगा, येशूचा भाऊ'. या वेळी पुष्कळ भाविकांना आनंद झाला. येशूचा दगडी पुरावाच मिळाला असे वाटले. परंतु पेटी एका संग्राहकाजवळची, कोणत्या कबरीतून आली याचा पत्ता नाही. २००३ साली इस्रायलच्या पुराणवस्तू खात्याच्या समितीने लेख बनावट ठरवला. खटला वर्षानुवर्षे चालला आणि २०१२ साली संग्राहक बनावटगिरीच्या आरोपातून सुटला. पण न्यायाधीशांनी बजावले, की यावरून लेख अस्सल ठरत नाही. पहिली पेटी श्रद्धेला बोचणारी, दुसरी सुखावणारी. तराजू मात्र दोहोंना एकच लावावा लागतो.

आणि पुरातत्त्व नुसते हिरावून घेते असेही नाही. १९६८ साली यरुशलेमच्या उत्तरेला एका पेटीत यहोहानान नावाच्या माणसाच्या टाचेचे हाड मिळाले. त्यात लोखंडी खिळा तसाच रुतलेला. क्रुसावर चढवलेल्यांना रीतसर कबर मिळतच नसे, असे जे म्हणत त्यांना त्या हाडाने उत्तर दिले. शुभवर्तमानातली कबरीची हकीकत त्यामुळे सिद्ध झाली नाही. पण असे घडणे अशक्य नव्हते एवढे ठरले. २०१६ साली पवित्र कबरीच्या चर्चमध्ये संगमरवरी लादी बाजूला करून दुरुस्ती झाली, तेव्हा आतल्या चुन्याचा काळ इ.स. ३४५ च्या सुमारास निघाला. लोक तेथे चौथ्या शतकापासून डोके टेकत आहेत, एवढे चुना सांगतो. त्या जागी कोण निजले होते, हे चुना सांगत नाही.

आता माझ्याबद्दल. आम्ही मुसलमान हजरत ईसांना पैगंबर मानतो. त्यांना क्रुसावर मारले गेले नाही, अल्लाने त्यांना आपल्याकडे उचलून घेतले, असे कुराण सांगते. म्हणजे त्या पेटीत त्यांच्या अस्थी खरोखर असत्या, तर माझ्याही श्रद्धेला तेवढाच धक्का होता! त्या दिवशी वर्गात ते माझ्या डोक्यात आले नाही, कारण दुसऱ्याच्या घराला तडा गेलेला बघण्यात मी रमलो होतो. हे कबूल करायला मला लाज वाटते. पण ते खरे आहे.

पंधरवड्याने मी त्याच वर्गात उभा राहिलो आणि म्हणालो, "मुलांनो, मागच्या खेपेला मी तुम्हांला कात्रण वाचून दाखवले, पण ते तपासले नव्हते." मग फळ्यावर पेट्या काढून हे सर्व समजावून दिले. त्या मुलाला एवढेच म्हटले, "तुझी शमाय भेटेल की नाही, हे इतिहासाच्या मास्तरला सांगता येत नाही. पण ती भेटणार नाही असे त्या पेटीने सिद्ध केले, हे मी खोटे सांगितले." तो काही बोलला नाही. पण दुसऱ्या दिवसापासून तो पुन्हा पहिल्या बाकावर बसू लागला. आता तो संसारी गृहस्थ आहे. २ नोव्हेंबरला आजीच्या थडग्यावर मेणबत्ती लावायला जातो, आणि वाटेत भेटला तर अजून 'सर' म्हणून हाक मारतो.

जाता जाता ट्रस्टला एक विनंती. आपल्या वाचनालयात प्रत्येक धर्माची पुस्तके आहेत. पण बरीचशी दुसऱ्याने दुसऱ्याबद्दल लिहिलेली. या महोत्सवाच्या निधीतून प्रत्येक धर्मातल्या जाणत्या माणसांनी स्वतःच्या धर्माबद्दल लिहिलेली पुस्तके घ्यावीत. म्हणजे माझ्यासारख्या एखाद्या तरुण मास्तरला वर्गात कात्रण नेण्यापूर्वी निदान एकदा कपाट उघडता येईल.