पाहणे आणि कळविणे
(हीरक महोत्सवी समारंभातील व्याख्यान)



२६ डिसेंबर २००४ रोजी सुमात्राजवळ समुद्रतळाशी प्रचंड भूकंप झाला. दूरदूरच्या भूकंपमापकांनी काही मिनिटांतच त्याची नोंद केली. तमिळनाडूच्या किनाऱ्यावर लाटा पोहोचण्यास सुमारे २ तास लागले; परंतु हिंदी महासागरात त्सुनामीचा इशारा देणारी यंत्रणाच नसल्याने तेवढ्या अवधीत किनाऱ्याला सावध करता आले नाही. निरनिराळ्या देशांत मिळून २ लाखांहून अधिक माणसे मृत्युमुखी पडली. घटना टिपणे आणि ती कळविणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. त्रिमितीय बिनतारी जाळ्यांच्या शास्त्राला या दोन्हींचा मेळ घालावा लागतो.

सपाट भूमीवर कमीत कमी संवेदक कसे मांडावेत, हे मधमाशीच्या पोळ्यातील षटकोन सांगतो. समुद्राला मात्र खोलीही आहे. प्रत्येक संवेदक आपल्याभोवतीचा एक गोल टिपतो, आणि अशा गोलांमध्ये कोठेही पोकळी राहता कामा नये. सहज सुचणारी मांडणी घनांची. पण ती खर्चिक ठरते. घनाच्या आठ कोपऱ्यांबरोबर त्याच्या मध्यभागीही एक बिंदू घेतला, तर प्रत्येक बिंदूच्या वाट्याला चौदा बाजूंची आकृती येते : आठ षटकोन आणि सहा चौरस. नियमित जाळीच्या मांडण्यांत हीच सर्वांत काटकसरीची, हे भारतीय गणिती राम प्रकाश बांबा यांनी १९५४ मध्ये सिद्ध केले. पुढे २००६ मध्ये नझरुल आलम आणि झिग्मंट हास यांनी ही आकृती त्रिमितीय जाळ्यांच्या अभ्यासात आणली. या रचनेत जेथे १०० संवेदक पुरतात, तेथे घनांच्या रचनेत सुमारे १८६ लागतात.

तरीही काटकसर हा अखेरचा निकष नव्हे. या रचनेत चौदाही शेजाऱ्यांशी थेट बोलायचे, तर संदेशाचा पल्ला टिपण्याच्या पल्ल्याच्या निदान १.७९ पट हवा. तो १.५५ पटीहूनही कमी असेल, तर एकाही शेजाऱ्याशी संपर्क होत नाही. सर्व संवेदक पाहतात, पण प्रत्येक जण एकाकी असतो. घनांच्या रचनेत मात्र १.१६ पट पल्लाही पुरतो. म्हणजे संख्येत महाग असलेली रचना प्रसंगी संपर्कात तारक ठरते.

समुद्रात हा प्रश्न अधिकच बिकट होतो. रेडिओलहरी खाऱ्या पाण्यात लवकर विरतात, म्हणून निरोप ध्वनीने धाडावा लागतो. ध्वनीचा तेथील वेग सेकंदाला सुमारे १,५०० मीटर. ४ किलोमीटर खोलीवरून निरोप वर येण्यास जवळपास ३ सेकंद लागतात. हैदराबाद येथे २००७ पासून कार्यरत असलेले भारतीय त्सुनामी पूर्वसूचना केंद्र अशाच साखळीवर विसंबते : तळावरील दाबमापक ध्वनीने पृष्ठभागावरील तरंगत्या बोयाला सांगतो, बोया उपग्रहाला, आणि उपग्रह केंद्राला. यांतील एक कडी निखळली, तर तळाशी टिपलेले सत्य तळाशीच राहते.

मराठी मुलुखापासून दूर असलेल्या या शाळेचे विद्यार्थीही आज चहूकडे विखुरलेले आहेत. ते किती ठिकाणी पोहोचले, हे स्मरणिकेच्या यादीवरून कळेल. परंतु त्यांचे जाळे झाले की नाही, हे प्रत्येकाचा शब्द निदान एका शेजाऱ्यापर्यंत पोहोचतो की नाही, यावरच ठरेल.