शाळेसाठी कॅमेरा: जुना की नवा?

(स्नेहमेळाव्यातील दुपारच्या सत्रात केलेलं भाषण)



सकाळपासून भाषणं ऐकून तुम्ही कंटाळला असाल, म्हणून मी आठवणी सांगत नाही. मला समितीने एकच विषय दिलाय. आपल्या बॅचने शाळेला भेट द्यायला ५२ हजार रुपये जमवलेत. त्यातून कॅमेरा घ्यायचा असं ठरलंय. कोटेशनही आलंय : नवा कॅनन १५०० डी, सोबत १८-५५ ची लेन्स, बॅग आणि कार्ड. ग्रुपवर सगळ्यांनी अंगठे दाखवले, मी एकटीने दाखवला नाही. त्यावर आपल्याच एका मित्राने लिहिलं, "काऊन वं, स्टुडिओवाल्या बाईचाच विरोध?" तर विरोध काऊन, तेवढं सांगते.

चिखलीला आमचा छोटा स्टुडिओ आहे हे बहुतेकांना माहीत आहे. लग्नं हे करतात. डोहाळजेवण, बारसं, हळद ही कामं बहुतेक माझ्याकडे. म्हणजे जिथे उजेड कमी, माणसं जास्त आणि हलायला जागा नाही, तिथे मी फोटो काढते. २०११ साली आम्ही निकॉनचा डी ३१०० घेतला. नंतर डी ३५०० आला. दोन्ही अजून चालू आहेत. एकाच कंपनीच्या एकाच मालिकेतले, एक २०१० चा आणि एक २०१८ चा. जुन्या-नव्याची तुलना करायची तर यापेक्षा सरळ जोडी मिळणार नाही.

गेल्या आठवड्यात दोन्ही घेऊन मी शाळेत आले होते. मागच्या भिंतीवर सहा फोटो लावलेत, १२ बाय १८ चे. जेवणाच्या सुट्टीत बऱ्याच जणांनी बघितले. वरचे दोन दुपारी बाराचे : शाळेचं फाटक, लिंबाचं झाड, पाचवीची मुलं. कोणता जुन्याचा आणि कोणता नव्याचा, हे मी तुम्हाला विचारलं. अकरा जणांनी एक सांगितला, नऊ जणांनी दुसरा. म्हणजे टॉसच झाला! आपल्या भूगोलाच्या सरांनी चष्मा काढून, कागदाला नाक लावून बघितलं आणि म्हणाले, "दोन्ही सारखेच आहेत, उगाच परीक्षा घेऊ नकोस."

सर, बरोबर आहे तुमचं. डी ३१०० मध्ये १४.२ मेगापिक्सेल, डी ३५०० मध्ये २४.२. आकडा ऐकला की वाटतं, फोटो पावणेदोन पट चांगला येणार. पण मेगापिक्सेल म्हणजे लांबी गुणिले रुंदी. जुन्याचा फोटो लांबीला ४६०८ ठिपके, नव्याचा ६००० ठिपके. उत्तम छपाईला इंचाला ३०० ठिपके धरतात. त्या हिशेबाने जुन्याचा फोटो सव्वापंधरा इंच लांब छापता येतो, नव्याचा वीस इंच. एवढाच फरक. शाळेच्या फळ्यावर, वार्षिक अंकात, वर्तमानपत्रात कुठेही वीस इंच लागत नाहीत. १२ बाय १८ ला जुना थोडा ताणावा लागतो, तो ताण तुम्हाला दिसला नाही.

आणखी एक गंमत. फोकसचे बिंदू डी ३१०० मध्ये ११, डी ३५०० मध्येही ११. आठ वर्षांत तेच यंत्र. उलट काही गोष्टी नव्यात कमी झाल्या. डी ३१०० सेन्सरवरची धूळ स्वतः झटकतो. डी ३५०० मधून ती सोय काढून टाकली. डी ३३०० ला बाहेरचा माईक लावायला भोक होतं, पुढच्या दोन्ही मॉडेलांत ते गेलं. कॅननचंही तसंच. २०१८ च्या ३००० डी ची लेन्स बसवायची कडी प्लॅस्टिकची आहे. २०११ च्या ११०० डी ची धातूची होती. स्वस्त करायचं तर कुठेतरी काटणारच. नवीन मॉडेल म्हणजे सगळं वाढलेलं, हा समज आपण मोबाइलवरून घेतलाय.

आता खालचे चार फोटो. यात मात्र फरक दिसतो आणि तो लपवायचा नाही. संध्याकाळी साडेसातला सभागृहात दोनच ट्यूब लावून नाचाची तालीम चालू होती. गॅदरिंगला असतो तसा उजेड. डी ३५०० ला साधी १८-५५ लेन्स लावली. आयएसओ ६४०० ठेवला, शटर १/१२५ मिळाला. फोटो बरा आला. दाणे दिसतात, पण मुलीचे हात स्पष्ट आहेत. मग तीच लेन्स डी ३१०० ला. त्याची सरळ मर्यादा ३२०० ची. पुढे ओढता येतो, पण मग चेहऱ्यावर रवा सांडल्यासारखं दिसतं. ३२०० ला शटर मिळाला १/६०, आणि मुलीचे हात पुसल्यासारखे झाले. इथे जुना हरला. उजेड कमी झाला की नव्याचा सेन्सर सरस ठरतो, यात वाद नाही. नवा डीएसएलआर घ्यायला खरं कारण असेल तर ते हेच.

पण तिसरा फोटो बघा. तोही डी ३१०० चाच आहे. फक्त लेन्स बदलली : ३५ मिलिमीटर, १.८ ची. साध्या लेन्सचं तोंड त्याच ठिकाणी फार तर साडेचारपर्यंत उघडतं. १.८ म्हणजे त्याच्या सहापटीहून जास्त उजेड आत येतो. मग मला आयएसओ ८०० पुरला आणि शटर १/१०० मिळाला. दाणे नाहीत, हात स्पष्ट, आणि मागची गंजलेली कपाटं आपोआप धूसर झाली. जेवणाच्या वेळी ज्या फोटोसमोर सगळ्या बायका थांबत होत्या तो हा. पंधरा वर्षांपूर्वीच्या मॉडेलने काढलेला.

कुणी म्हणेल, हीच लेन्स नव्या कॅमेऱ्याला लावली तर? तर नवाच जिंकेल, चौथा फोटो तोच आहे. पण आपल्याकडे ५२ हजार आहेत आणि त्यातले बहुतेक त्या कोटेशनमध्ये बॉडी आणि साध्या लेन्सवर संपतात. म्हणून नुसता जुना की नवा, असा हिशेब आपल्याला परवडत नाही. नवी बॉडी आणि साधी लेन्स, की जुनी बॉडी आणि उजेडाची लेन्स, असा तो मांडायचा.

१.८ सगळीकडे चालत नाही, हेही सांगून ठेवते. ती पूर्ण उघडली की एक ओळ स्पष्ट येते आणि मागची ओळ धूसर होते. चाळीस पोरांचा ग्रुप फोटो काढायचा तर बाहेर उजेडात, अ‍ॅपर्चर ८ वर. सहलीला साधी १८-५५ च बरी. ती माझ्या कॅमेऱ्यासोबत येईलच. लोणारला मात्र कोणतीच पुरत नाही. पावणेदोन किलोमीटरपेक्षा रुंद विवर काठावर उभं राहून १८ च्या लेन्समध्ये मावत नाही, मेगापिक्सेल कितीही असोत.

दुकानात आज "नवा" म्हणून जो १५०० डी मिळतो, तोसुद्धा २०१८ चाच आहे. २०२० नंतर कॅनन आणि निकॉन दोघांनीही सुरुवातीच्या वर्गातला एकही नवा डीएसएलआर काढलेला नाही. त्यांचं सगळं लक्ष आता मिररलेसवर आहे. म्हणजे आपण खोका नवा घेणार, आतली रचना जुनीच. वॉरंटी मिळते, हा फायदा खरा. शाळेसारख्या ठिकाणी, जिथे कॅमेरा दहा हातांतून जाणार, तिथे वॉरंटीला किंमत आहे. पण हातातून पडलेल्या कॅमेऱ्याला वॉरंटीही वाचवत नाही.

मुख्याध्यापक सरांचा प्रश्न वेगळा होता. ते म्हणाले, "कार्यक्रम संपला की अर्ध्या तासात फोटो वर पाठवावे लागतात. जुन्याला वाय-फाय नाही." खरं आहे, १५०० डी मध्ये वाय-फाय आहे, डी ३१०० मध्ये काहीच नाही. त्यावर माझं उत्तर साधं आहे : मोबाइलला लागणारा कार्ड रीडर. काही शेकड्यांत मिळतो, आणि वाय-फाय जोडत बसण्यापेक्षा लवकर काम होतं. व्हिडिओसाठी मात्र जुना घेऊच नका. डी ३१०० सलग दहा मिनिटांच्या वर रेकॉर्ड करत नाही आणि चालू व्हिडिओत फोकस शोधत बसतो. शाळेतल्या कोणत्याही शिक्षकाचा मोबाइल त्यापेक्षा चांगला व्हिडिओ काढेल.

आता ज्याच्यासाठी मी एवढं बोलतेय ते. या अंकाचं फोटोंचं काम माझ्याकडे होतं. आपले चित्रकलेचे सर गेल्या वर्षी गेले. पहिल्या पानावर त्यांचा फोटो हवा होता. त्यांच्या निवृत्तीच्या कार्यक्रमात निदान पंचवीस मोबाइल वर होते, मी स्वतः बघितले होते. एकाकडेही छापण्याजोगा फोटो निघाला नाही. कुणाचा फोन बदलला, कुणाचं कार्ड गेलं, उरलेले व्हॉट्सअ‍ॅपवर फिरून फिरून दाबले गेलेले. अंकात जो फोटो छापलाय तो आपल्या दहावीच्या ग्रुप फोटोतून कापलेला आहे. रोलवर काढलेला, कागदावरचा, ऑफिसच्या लोखंडी कपाटात पाठ्याला चिकटवलेला. म्हणून सर त्यात एवढे तरुण दिसतात. मधल्या पंचवीस वर्षांतले सर आपल्याकडे नाहीत.

म्हणून माझा प्रस्ताव असा. माझा डी ३१०० मी शाळेला देते, त्याचे पैसे नकोत. शटर साधारण ३८ हजार वेळा उडालंय. कंपनीने एक लाखाची चाचणी केलेली आहे. जमलेल्या पैशांतून ३५ ची लेन्स घ्यायची, पण ती मोटार असलेलीच. या बॉडीत फोकसची मोटार नाही, आणि डी ३५०० सोबत येणारी नवी एएफ-पी लेन्सही याच्यावर फोकस करत नाही. कुणी स्वस्तात देतो म्हणाला तर मला विचारल्याशिवाय घेऊ नका. एक ट्रायपॉड, एक जादा बॅटरी, दोन हार्ड डिस्क. एक हार्ड डिस्क शाळेत, दुसरी शाळेबाहेर कुणाच्या तरी घरी. पावसाळ्यात लेन्सला बुरशी लागते, म्हणून हवाबंद डबा आणि सिलिका जेल. उरलेले पैसे बँकेत ठेवून दरवर्षी प्रत्येक वर्गाचा आणि सगळ्या शिक्षकांचा एकेक फोटो कागदावर छापायचा, मागे नावं लिहायची आणि कपाटात ठेवायचा. लॅबला जाऊन फाईल मी देईन.

शेवटी आपल्या एका मैत्रिणीचा प्रश्न. नाव घेत नाही, ती इथेच बसली आहे. तिच्या मुलीला फोटोग्राफीचा धंदा करायचाय आणि घरात सोयाबीनचे पैसे आलेत. तिलाही जुनाच घे म्हणू का? नाही. शाळेला चालतो तो धंद्याला चालेलच असं नाही. लग्नात रात्र असते, व्हिडिओ मागतात, आणि फोटो परत काढता येत नाही. पण लगेच ७०-८० हजार घालू नकोस. पहिला सीझन तिला कुणाच्या तरी हाताखाली जाऊ दे, कॅमेरा भाड्याने घेऊ दे. मग वापरलेला घ्यायचा तर शटर किती झालंय ते बघ. कोऱ्या आकाशाचा अ‍ॅपर्चर १६ वर फोटो काढून डाग तपास, लेन्स टॉर्चसमोर धर. आणि एक खास गोष्ट : कॅननच्या २०१८-१९ च्या काही स्वस्त मॉडेलांत, ३००० डी आणि २०० डी ची दुसरी आवृत्ती धरून, वरच्या फ्लॅशच्या खाचेतला मधला संपर्क काढून टाकलाय. साधा फ्लॅश नि साधा ट्रिगर त्यावर उडतच नाही. आपल्याकडे लग्नात तोच वापरतात. दुकानदार हे सांगत नाही, कारण त्याला कुणी विचारत नाही. जाताना आपला फ्लॅश सोबत घेऊन जा आणि तिथेच उडवून बघ. मुलीला माझ्याकडे पाठव, दोन हळदी माझ्यासोबत करू दे.

प्रस्तावावर हात वर करून मत घ्यायचंय, ते समिती घेईल. नवाच घ्यायचा ठरला तरी माझी हरकत नाही, फक्त हार्ड डिस्क आणि छपाईचे पैसे आधी बाजूला काढा. शाळेतल्या ज्या दोन शिक्षकांकडे कॅमेरा राहील त्यांना शिकवायला मी दोन शनिवार येईन. आठवी-नववीची मुलंही बसू द्या. बटणं त्यांना आपल्यापेक्षा लवकर समजतात. आणि मेळावा संपायच्या आत, ऊन आहे तोवर, सगळे गुरुजन फाटकापाशी या. दोन्ही कॅमेरे आणलेत.