जुनी नौका, नवा मालक

वर्षानुवर्षे दुसऱ्याच्या नौकेवर खलाशी म्हणून राबलेला कोकणातील मच्छीमार स्वतःची पहिली यांत्रिक नौका घेतो, ती बहुधा जुनीच असते; आणि त्यासाठी काढलेले कर्जही तिनेच फेडायचे असते. खरेदीच्या वेळी त्याचे लक्ष प्रथम इंजिनाकडे जाते. माझ्या मते ही चूक होय. इंजिन उतरवून दुरुस्त करता येते, बदलताही येते. कुजलेला कणा बदलणे म्हणजे नौका नव्याने बांधणेच.

खाऱ्या पाण्यापेक्षा आत साचलेले पावसाचे पाणी लाकडाला अधिक कुजविते. म्हणून ताज्या रंगावर भुलू नये. इंजिनाखालची लाकडे टोच्याने टोचून पाहावीत. (सोबत सुतार न्यावा, मध्यस्थ नव्हे!) फळ्यांच्या सांध्यांतील कापूस निघालेला दिसला, तर मात्र घाबरण्याचे कारण नाही, तो पुन्हा ठासता येतो.

जून-जुलैच्या मासेमारीबंदीत दुरुस्तीस सवड मिळते, पण पाऊसही तेव्हाच असतो. तेव्हा आधी नौका झावळ्यांनी नीट शाकारावी, मग हत्यारे काढावीत.

सुकलेली नौका पाण्यात लोटल्यावर सांध्यांतून पाणी झिरपतेच. लाकूड फुगून सांधे मिटेपर्यंत मालकाने उपसा करीत तिच्यापाशीच थांबावे.