तक्रारपेटी आणि पहिलीतली मुलगी
(वसतिगृह अधीक्षिका व शिक्षकांच्या मेळाव्यातील भाषण)



दुसऱ्या शमुवेलाचा १३ वा अध्याय आपण उपासनेत सहसा वाचत नाही. तामारेवर सावत्र भाऊ अम्नोन बलात्कार करतो. सख्खा भाऊ अबशालोम तिला गप्प राहायला सांगतो. बाप, म्हणजे राजा दावीद, संतापतो. पण करत काहीच नाही. तामार भावाच्या घरात उदास पडून राहते.

आपल्या निवासी शाळांतही मुलींना असंच गप्प केलं जातं. शाळेचं नाव जाईल, पोरीचं लग्न व्हायचंय, अशी कारणं असतात. होळीला घरी गेलेली मुलगी परतली नाही, की आपण तिला गळतीत धरून मोकळे होतो. घरकामामुळं, लवकर लग्न झाल्यामुळंही मुली थांबतात, हे खरं. पण विचारायला तिच्या पाड्यावर जातं कोण?

तक्रारपेटी आहे ना, असं मला सांगतात. पेटी कार्यालयासमोर, सगळ्यांच्या नजरेत! आणि पहिलीतल्या मुलीला लिहिता कुठं येतं? धडगाव-अक्कलकुव्याकडं ती घरून भिली बोली घेऊन येते. मराठी अजून कानावरून जात असते. म्हणून शरीराच्या प्रत्येक अवयवाचं नाव तिच्या बोलीत, न लाजता शिकवा. स्वयंपाकाच्या मावशींना ती बोली येते, त्यांना सोबत घ्या. मुलग्यांनाही हे शिकवा. अत्याचार त्यांच्यावरही होतात, आणि छेड काढणं ही गंमत नव्हे, हे त्यांना याच वयात कळायला हवं.

२०१२ च्या पॉक्सो कायद्याचं कलम १९ नीट वाचा. गुन्हा झाल्याचं कळलं किंवा होईल अशी शंका आली, तरी पोलिसांना कळवणं प्रत्येकावर बंधनकारक आहे. न कळवल्यास सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. हाताखालच्या माणसाचा गुन्हा संस्थाप्रमुखानं दडवला, तर एक वर्षापर्यंत. मुलीला भाषा समजत नसेल तर दुभाषी देण्याची तरतूदही त्याच कलमात आहे. आपसात बसून, पाळकांना मध्ये घालून प्रकरण मिटवण्याचा अधिकार आपल्याला नाही. क्षमेची वचनं मलाही पाठ आहेत. पण ती त्या मुलीला ऐकवून तिची तक्रार थांबवू नका. १०९८ हा क्रमांक मुलांच्या खोलीत लावा, कार्यालयात नव्हे.

पुढच्या भेटीत मी पेटी पाहणार नाही. मावशींना बरोबर घेऊन लहान मुलींना विचारीन: रात्री भीती वाटली, तर कुणाला उठवता?