माती, अग्नी आणि आजचे मृत्तिकाशिल्पी
(शिक्षक व पंचायत सदस्यांपुढे दिलेल्या व्याख्यानाचा पाठ)



जपानमधील क्योतो नगरीतील एका मंदिरात मातीचा एक वाडगा अत्यंत जपून ठेवलेला आहे. 'किझाएमोन' या नावाने तो ओळखला जातो व जपानने त्यास राष्ट्रीय ठेव्याचा मान दिला आहे. परंतु हा वाडगा कोणा दरबारी कलावंताने घडविलेला नाही. काही शतकांपूर्वी कोरियातील एका अनामिक कुंभाराने सामान्य माणसांच्या रोजच्या वापरासाठी तो चाकावरून उतरविला. त्याचा काठ पुरता गोल नाही आणि अंगावरील झिलईला बारीक तडे आहेत. जपानी विचारवंत यानागी सोएत्सु यांनी १९३१ मध्ये तो प्रत्यक्ष पाहिला. यात विशेष असे काही नाही आणि त्याचे मोठेपण नेमके त्यातच आहे, असा निर्वाळा त्यांनी दिला.

परदेशातील या वाडग्याची हकिकत येथे सांगण्याचे कारण असे, की भारतातील आधुनिक मृत्तिकाकला बहुतांशी याच विचाराचे बोट धरून आली. भूगर्भशास्त्राचे शिक्षण घेतलेले सरदार गुरचरण सिंग १९१९ मध्ये जपानला गेले. तेथे यानागी, हामादा शोजी आणि इंग्रज कुंभकार बर्नार्ड लीच यांचा सहवास त्यांना लाभला. खेड्यातील अनामिक कारागिराच्या हातात जे सौंदर्य असते त्याचा शोध घेणारी ही मंडळी होती. दिल्लीच्या पठाण कुंभारांकडून निळ्या झिलईचे काम आत्मसात केलेल्या गुरचरण सिंग यांनी १९५२ मध्ये 'दिल्ली ब्लू पॉटरी' ही आपली कार्यशाळा उभी केली. १९९५ पर्यंतच्या दीर्घ आयुष्यात त्यांनी अनेकांना चाकावर बसविले.

तत्पूर्वी मुंबईत काहीच नव्हते असे नाही. सर जमशेटजी जीजीभाई कलाशाळेत एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धातच मातीकामाचा विभाग सुरू झाला होता आणि तेथील सुरया व थाळ्यांवर अजिंठ्याच्या भिंतींवरील आकृती उतरविल्या जात. त्या भांड्यांची ख्याती विलायतेपर्यंत पोहोचली. मात्र तेथे लक्ष होते ते नक्षीकडे. माती ही केवळ चित्र काढण्याची पाटी होती. मातीला स्वतःचा स्वभाव असतो व कलावंताने तो ओळखून घ्यावा लागतो, ही जाणीव नंतरची आहे.

हा स्वभाव म्हणजे काय? गावातील कुंभाराचे तांबडे मडके सामान्यतः ७०० ते ९०० अंश सेल्सियस उष्णतेवर भाजले जाते. त्यात असंख्य सूक्ष्म छिद्रे राहतात. त्यांतून पाणी झिरपते, बाष्प होऊन उडते आणि आतले पाणी गार राहते. आजचा कलावंत बहुधा स्टोनवेअर प्रकारची माती वापरतो. ती १२०० ते १३०० अंशांपर्यंत तापते, तिचे कण एकमेकांत वितळून घट्ट होतात आणि भांडे दगडासारखे टणक व जलाभेद्य बनते. वरची झिलई म्हणजे त्या उष्णतेत वितळून भांड्यास चिकटलेला काचेचा थर. दोन्ही प्रकारांत ओल्या भांड्याचा आकार सुकताना व भाजताना आक्रसतो. स्टोनवेअरमध्ये ही घट दहा टक्क्यांच्या वरही जाते. हा हिशेब ज्याला साधला नाही त्याचे झाकण बरणीवर बसणार नाही, मग कल्पना कितीही उत्तम असो!

पुदुच्चेरी येथे रे मीकर आणि डेबोरा स्मिथ या अमेरिकन दांपत्याने १९७१ मध्ये 'गोल्डन ब्रिज पॉटरी' स्थापन केली. आज भारतात मातीत काम करणाऱ्या नामवंतांपैकी अनेकांनी तेथे धडे घेतले आहेत. मीकर यांनी १९८० च्या दशकात केलेला एक प्रयोग ग्रामीण बांधकामाचा विचार करणाऱ्यांनी मुद्दाम समजून घेण्याजोगा आहे. कच्च्या विटांचे, कमानदार छपराचे घर बांधावयाचे, ते कच्च्या विटा-कौलांनी आतून भरावयाचे आणि मग घरालाच भट्टी मानून सलग काही दिवस आग द्यावयाची. घर पक्के होते आणि आतला माल विकून जळणाचा खर्च काही अंशी भरून निघतो. इराणी वास्तुविशारद नादेर खलीली यांच्या प्रयत्नांपासून स्फूर्ती घेतलेले हे काम दशकाहून अधिक काळ चालले व पुढे थांबले. स्वस्त घरांचा प्रश्न त्यातून सुटला असे म्हणता येणार नाही. एवढ्या मोठ्या भट्टीला लागणारे जळण हा विषयही दुर्लक्षिण्यासारखा नाही. परंतु माती, आकार आणि अग्नी यांचा एकत्र विचार इतक्या निर्भयपणे क्वचितच झाला असेल. मीकर यांच्या नंतरच्या मोठ्या शिल्पांत त्या घरांची आठवण जाणवते.

महाराष्ट्राशी नाते असलेल्या निर्मला पटवर्धन यांचा मार्ग अगदी निराळा. शांतिनिकेतनमधील शिक्षणानंतर त्यांनी जर्मनी व इंग्लंडमध्ये मातीकामाचा अभ्यास केला. त्यांचे सारे लक्ष झिलईवर होते. कोणत्या दगडाची भुकटी, कोणती राख, किती तपमान, भट्टीत हवा किती खेळू द्यावयाची, याची त्यांनी वर्षानुवर्षे चिकाटीने नोंद ठेवली. ती विद्या स्वतःपुरती न ठेवता कुंभकारांसाठी हस्तपुस्तक लिहून त्यांनी ती खुली केली. ज्या व्यवसायात झिलईची कृती बापाने मुलालाच सांगावी असा प्रघात होता, तेथे हे औदार्य लहान नव्हे. कच्छमध्ये जन्मलेल्या ज्योत्स्ना भट्ट यांनी बडोद्याच्या महाराज सयाजीराव विद्यापीठात तीन दशके अध्यापन केले. त्यांच्या हातून मांजरे, पक्षी, कमळाच्या कळ्या घडल्या. त्यांचे रंग मंद, आकार साधे आणि पृष्ठभाग हाताला शांत वाटणारा. २०२० मध्ये त्या निवर्तल्या.

अलीकडचे कलावंत भांड्याच्या पलीकडे गेले आहेत. अंजनी खन्ना यांच्या शिल्पांत मनुष्य व पशू एकरूप झालेले दिसतात. माधवी सुब्रह्मण्यम् बीज आणि शेंगा यांच्या आकारांतून वाढीचा अर्थ शोधतात. अशा अनेकांना एकत्र आणणारे पहिले भारतीय मृत्तिकाकला त्रैवार्षिक प्रदर्शन २०१८ मध्ये जयपूरच्या जवाहर कला केंद्रात भरले.

आता एक अवघड गोष्ट बोलली पाहिजे. ज्या अनामिक कुंभाराच्या स्तुतीतून ही सारी चळवळ जन्मली, तो आपल्या गावचा कुंभार तिच्यात कोठे आहे? मुंबईच्या धारावीतील कुंभारवाड्यात सौराष्ट्रातून आलेल्या कुंभारांची घरे आहेत. दिवाळीच्या आधी तेथे अंगणाअंगणांत पणत्यांचे ढीग लागतात आणि त्या शेकड्याच्या भावाने जातात. त्याच शहराच्या दक्षिण टोकाला, कलादालनात, एका वाडग्याखाली कलावंताचे नाव असते. दोघांच्याही हाताखाली चाक आहे. एकाला ते वारशाने मिळाले, दुसऱ्याने ते निवडले. बाजारात निवडीला किंमत आली, वारशाला आली नाही.

ही दरी ओलांडणारे ब्रह्मदेव राम पंडित यांचे उदाहरण म्हणूनच मोलाचे आहे. बिहारमधील नवादा भागातील परंपरागत कुंभार कुटुंबात त्यांचा जन्म झाला. मुंबईजवळ भाईंदर येथे त्यांनी स्टोनवेअरची कार्यशाळा उभारली आणि २०१३ मध्ये त्यांना पद्मश्री किताब लाभला. पिढीजात हाताला झिलई व उच्च तपमानाच्या भट्टीची जोड मिळाली तर काय घडते, हे त्यांच्या थाळ्या व सुरया पाहून कळते. परंतु असे उदाहरण अपवादानेच आढळते.

अर्थात प्रत्येक कुंभाराने स्टोनवेअर करावे असाही याचा अर्थ नव्हे. जलाभेद्य भांड्यात उन्हाळ्याचे पाणी गार होणार नाही. त्या कामी तांबडे मडकेच हवे. मातीत राख आणि लीद किती कालवावी, एका हाताने आतून दगडी गोळा धरून दुसऱ्या हाताने थापी मारीत माठाचे पोट किती पातळ करावे, आव्यावर पेंढा व माती कशी लिंपावी, हे जाणणाऱ्याला कोणी प्रयोगशील म्हणत नाही. तो मात्र दर पावसाळ्यानंतर बदललेल्या मातीशी नव्याने प्रयोग करीतच असतो.

शाळेत यासाठी मोठ्या सामग्रीची गरज नाही. मातीची पट्टी करून तिच्यावर दहा सेंटिमीटरची रेघ ओढावी, सावलीत सुकवावी, गावच्या कुंभाराच्या आव्यात इतर भांड्यांबरोबर भाजून घ्यावी आणि रेघ पुन्हा मोजावी. ती नऊ सेंटिमीटर भरली तर माती दहा टक्के आक्रसली. शेतातील काळी माती, नदीकाठची माती, तळ्याच्या तळची माती अशा तीन पट्ट्या शेजारी ठेवल्या की मुले फरक स्वतःच सांगतील. काळ्या मातीची पट्टी बहुधा सुकतानाच तडकलेली दिसेल. मुलांना हे समजावून देण्यास कुंभारालाच वर्गात बोलावावे आणि गुरुजींनी त्या दिवशी मागच्या बाकावर बसावे.

पंचायतीपुढील प्रश्न अधिक तातडीचा आहे. २०१७ पासून 'गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार' या योजनेखाली अनेक तलावांतील गाळ काढून शेतात टाकण्यात आला. शेतीला त्याचा उपयोग आहेच. पण ज्या थरातील चिकण मातीवर एखाद्या घराने पिढ्यान् पिढ्या मडकी घडविली, तो थर यंत्राच्या एका दिवसाच्या कामात सगळ्या शिवारात पसरून जाऊ शकतो. यंत्र तलावात उतरण्यापूर्वी गावच्या कुंभाराला काठावर बोलवावे. कोठे आणि किती खोलीवर त्याची माती आहे, हे तो बोट करून दाखवील. तेवढी वेगळी काढून त्याच्या अंगणाशेजारी टाकण्यास ट्रॅक्टरच्या दोन-चार खेपा पुरतील.